झोपवायची जागा आणि झोपायची जागा

जुळे सोलापूरमधून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय 29, पतसंस्थेत नोकरी, पहिलटकरीण. डॉक्टरांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. पुण्याच्या नणंदेनं बाळासाठी यादी पाठवली आहे: विजेवर हलणारा झुला, व्हाइट नॉइज मशीन (सतत एकसुरी आवाज करणारं यंत्र), कडेनं गुबगुबीत लोड असलेलं 'बेबी नेस्ट', अंगावर थोडं वजन राहील अशी झोपायची पिशवी, आणि पायात घातला की ठोके नि ऑक्सिजन मोजणारा मोजा. बेरीज 60 हजारांच्या घरात. इकडे सासूबाईंनी माळ्यावरचा शिसवी पाळणा उतरवून पुसून ठेवला आहे, झोळीसाठी छताला कडी आहेच, आणि डोकं गोल व्हावं म्हणून त्या मोहरीची उशी शिवत आहेत. बार्शीची आई म्हणते, बाळ हातात येईपर्यंत घरात काहीही आणू नका. मैत्रीण लिहिते, "यादीतलं घेतलं नाही तर बाळाच्या झोपेत काटकसर केल्यासारखं होईल. पाळणा नाकारला तर सासूबाई दुखावतील. मी कुणाचं ऐकू?"

प्रिय मैत्रिणी,

तू मला मावशी म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच उत्तर देते.

तुझ्या पत्रातल्या 'काटकसर' या शब्दापाशी मी थांबले. बाळाची झोप विकत आणता येते आणि जितके पैसे जास्त तितकी ती चांगली, असं तू नकळत धरून चालली आहेस. दुसरंही एक धरलं आहेस: नणंदेची यादी म्हणजे विज्ञान, सासूबाईंचा पाळणा म्हणजे जुनी रीत, आणि तुला दोघींपैकी एकीच्या बाजूला उभं राहायचं आहे. जरा दोन्हीकडच्या वस्तू शेजारी शेजारी मांडून बघ. नेस्टचे लोड आणि मोहरीची उशी, दोन्ही बाळाच्या तोंडाजवळ येणाऱ्या मऊ गोष्टी. विजेचा झुला आणि साडीची झोळी या तर सख्ख्या बहिणी; दोन्हींत बाळ वाकून बसल्यासारखं झोपतं आणि दोन्ही त्याला डुलवतात. एकीचा खोका चकचकीत आहे, एवढाच फरक. त्यामुळे तुला माणसांमध्ये निवड करायचीच नाहीये. वस्तू बघायची, आणि ती कशासाठी वापरणार ते ठरवायचं.

ते ठरवायला मी एक साधी विभागणी वापरते. बाळाला झोपवायची जागा वेगळी आणि बाळानं झोपायची जागा वेगळी. खांदा, मांडी, झोळी, झुला, ओव्या म्हणत मारलेल्या येरझाऱ्या, ही सगळी झोपवायची साधनं. तिथं बाळ शांत होतं, डोळे मिटतं. पण डोळे मिटल्यावर त्याला जिथं तासन् तास राहायचंय, त्या जागेचे नियम फार कडक आहेत: टणक, सपाट, रिकामी आणि तुझ्या हाताच्या अंतरावर. त्या जागेवर बाळ दर वेळी पाठीवर, उताणं. दुपारच्या डुलकीलासुद्धा.

पाठीवर म्हटलं की घरातल्या मोठ्या बायका दचकतात. 'दूध उलटलं तर श्वासनळीत जाईल, कुशीवर झोपव.' ही भीती खोटी म्हणून झटकू नकोस, त्यांना समजावून सांग. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली असते. उलटून आलेलं दूध श्वासनळीत शिरायला त्याला वर चढावं लागतं. पालथं टाकलं की उलट होतं, श्वासनळीचं तोंड खालच्या बाजूला येतं. अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर झोपवा म्हणून मोठी मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यासाठी कुणाला एक वस्तू विकत घ्यावी लागली नाही.

आता वाकून झोपण्याचं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान दुबळी. झोळीत किंवा झुल्यात ते पाठीला बाक देऊन पडलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट चिंचोळी होते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. म्हणूनच ते कळत नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी आम्ही साखर पेठेत राहायचो. एका दुपारी मी धुणं वाळत घालून आले तर झोळी शांत होती. खूपच शांत. साडीची घडी बाजूला केली तर त्याची मान दुमडलेली आणि ओठ फिकट निळसर. उचलल्यावर त्याने मोठा श्वास घेतला आणि रडला. चाळीस वर्षं होत आली, तो श्वास अजून माझ्या कानात आहे. झोळीला मी दोष देत नाही, तिनेच मला कितीतरी संध्याकाळी जेवू दिलं. पण त्या दिवसापासून बाळ झोपलं की मी त्याला झोळीतून काढून गादीवर ठेवायची, मग ते जागं झालं तरी चालेल.

महागड्या वस्तूंनाही हाच नियम. अमेरिकेत 2019 साली तान्ह्या बाळांच्या एका झुकत्या झोपाळ्याचे सुमारे 47 लाख नग परत मागवावे लागले. तोवर त्यात 30 हून जास्त बाळं गेल्याची नोंद झाली होती. नावाजलेल्या दुकानांतून विकली गेलेली वस्तू होती ती. पुढे 2022 मध्ये तिथं कायदाच झाला: 10 अंशांपेक्षा जास्त तिरकी झोपायची साधनं आणि पाळण्याच्या कडांना बांधायचे गुबगुबीत लोड, दोन्हींच्या विक्रीला बंदी. आपल्याकडे ऑनलाइन दोन्ही सर्रास मिळतात, त्यामुळे 'विकायला आहे म्हणजे तपासलेलं असणार' हे मनातून काढून टाक.

तर यादी. नेस्ट नको. वजनाची पिशवीही नको. छातीवर भार टाकणाऱ्या अशा वस्तू वापरू नयेत असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये असली पिशवी म्हणजे बाळाला भट्टीत घालणं. मोजा घेऊन अचानक मृत्यू टळतो असं दिसलेलं नाही. उलट मध्यरात्री तो उगाच वाजेल आणि तुझी अर्ध्या तासाची झोपही जाईल. अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल आणि डॉक्टरांनी स्वतः यंत्र लावायला सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

आवाजाच्या यंत्राबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्यात तथ्य आहे. सतत एकसुरी घुमणाऱ्या आवाजानं बाळं खरोखर शांत होतात. पण 2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी बाळांसाठीच्या 14 यंत्रांचा आवाज मोजला, तेव्हा पूर्ण आवाजात 3 यंत्रं 30 सेंटिमीटरवर 85 डेसिबलच्या पुढे गेली. कारखान्यात इतक्या आवाजात आठ तास काम करायचं तर कानांची काळजी घ्यावी लागते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटाटात पिढ्यान् पिढ्या मुलं झोपली आणि 'माग बंद पडला की पोरगं उठतं' असं बायका सांगायच्या. सवय लागते हे खरं, त्या आवाजानं मोठ्यांचे कान जायचे हेही तितकंच खरं. तुझ्या घरात छताचा पंखा एप्रिलभर फिरणारच आहे. त्याचा आवाज पुरतो. तरी हवंच असेल तर मोबाइलवर आवाज लाव, पण तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हळू, आणि झोप लागली की बंद.

राहिला झुला. तो वाईट नाही. पण त्याचं आयुष्य किती ते बघ. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. हा काळ सरला की झुला माळ्यावर. तेवढ्यासाठी कुणाकडून मागून आणता आला तर आण, पट्टे लाव, समोर बस, आणि झोपलं की गादीवर. नवा विकत घेऊ नकोस असं माझं मत आहे.

सासूबाईंचा पाळणा मात्र मी ठेवेन. तपासून. शनिवारी तुझा नवरा आला की त्याच्या हातात टेप दे. दोन दांड्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, नाहीतर बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. जुन्या पाळण्यांत फटी बहुधा मोठ्या असतात. त्यावर उपाय म्हणून कडेनं उशा लावू नका. सुताराकडून मधे एकेक दांडी बसवून घ्या. जुना रंग असेल तर तो खरवडून काढायचं काम बाळ येण्याआधी आणि घराबाहेर होऊ दे, तूही जवळ थांबू नकोस, कारण जुन्या रंगांत शिसं असतं. कड्या, साखळ्या ओढून बघा. डुलवून झाल्यावर पाळणा हलू नये, तिरका होऊ नये, अशी अडकण हवी. आणि बाळ कुशीवर वळायला लागलं किंवा हातांवर जोर देऊन उठू बघायला लागलं की पाळण्याचा मुक्काम संपला, मग त्याची खाट किंवा जमिनीवरची गादी.

पाळण्यातली गादी नवीनच करून घे. गादीवाल्याला मुद्दाम सांग, कापूस कमी आणि टाके जास्त. नवी पिंजलेली गादी फुगलेली असते आणि तान्हं बाळ त्यात रुततं. तळहातानं दाबून हात उचललास आणि खळगा राहिला, तर ती मऊ आहे. पाळण्याच्या तळाला ती घट्ट बसली पाहिजे; कडेला दोन बोटं सहज शिरली तर मोठी करून आण. वर मेणकापड, त्यावर सुती चादर ताणून गादीखाली खोचलेली. बस्स. उशी नाही, पांघरूण नाही, बाहुली नाही. चिमणाळं टांगायचं तर बाळाचा हात पोचणार नाही इतकं उंच, आणि झोपेत गळ्यात काळा दोरा, ताईत, मणी काही नको.

मोहरीच्या उशीचं सासूबाईंना कसं सांगायचं, याचीच तुला जास्त काळजी दिसते. डोकं चपटं होऊ नये ही त्यांची इच्छा बरोबरच आहे, तिला दुसरी वाट दाखव. बाळाला रोज एकाच बाजूला डोकं करून ठेवायचं नाही, आज डोकं खिडकीकडे, उद्या दाराकडे. आणि जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून काही वेळा पोटावर टाकायचं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुरतात. हे काम सासूबाईंनाच दे. मालिश झाल्यावर टॉवेलवर पालथं घालून त्यांनी समोरून हाक मारायची. आपल्या सोलापुरी टॉवेलसारखी त्याला दुसरी चांगली गोष्ट नाही. चादर मात्र कितीही नावाजलेली असली तरी पहिलं वर्षभर बाळाच्या अंगावर नको; आहेरात चार येतील, त्या तुम्हा मोठ्यांना.

तुझ्या बाळाच्या बाबतीत मला खरी चिंता आहे ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि तुझं घर तू लिहिल्याप्रमाणे वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. बाळाचं अंग गरम होणं हे झोपेतल्या मृत्यूचं एक कारण मानलं जातं. म्हणून घरात कुंची नको, मोजे नकोत; एक पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरेत. हातपाय गार लागले म्हणून गुंडाळू नका, तान्ह्यांचे हातपाय गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघ. घाम, ओल लागली तर एक कपडा कमी. कूलर लावताना खिडकी उघडी ठेव आणि झोत थेट बाळावर येऊ देऊ नकोस. दुपट्यात गुंडाळायचं तर जुन्या धोतराचं मऊ, पातळ दुपटं घे, हात हलके बांधलेले आणि मांड्या मोकळ्या, बेडकासारखे पाय दुमडता येतील अशा. पाय सरळ ताणून बांधल्यानं खुब्याचा सांधा निखळू शकतो. आणि वळायची चिन्हं दिसताच गुंडाळणं बंद. उन्हाळा आहे म्हणून कुणी चमच्यानं पाणी पाजायला येईल. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही त्यातूनच मिळतं. गुटी, मध, ग्राइप वॉटर काही नको.

नणंदेच्या 60 हजारांतले थोडे पैसे खर्चायचेच असतील तर मी ते इन्व्हर्टरला घालीन. मेच्या रात्री दोन वाजता वीज गेली की त्या क्षणी तुझ्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू फिरणारा पंखा असेल. दुसरी खरेदी मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडणारी मिळते, तिच्यासोबत येणारी गादी-उशी बाजूला ठेव आणि जाळी बाळाच्या तोंडावर पडणार नाही इतकी ताठ आहे का बघ. डासांच्या धुराच्या कांड्या बंद खोलीत पेटवू नका. बाळंतिणीच्या शेक-शेगडीलाही हेच लागू. कोळशाची शेगडी दार लावलेल्या खोलीत ठेवली की तिचा वायू न दिसता, न वास येता जीव घेतो. ओवा-वेखंडाच्या धुरीनं बाळाची छाती भरते. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं घे.

तिसरी गोष्ट खोक्यात मिळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी कामाला जाणाऱ्या आया बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत असत, हे त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत नोंदलेलं आहे. त्या बायका निर्दय नव्हत्या. त्यांच्या हाताशी दुसरं कुणी नव्हतं. बाळ रडतं तेव्हा आईला यंत्र हवं असतं, ते बहुतेक वेळा दुसरं माणूस मिळत नाही म्हणून. बाळ दोन-तीन तासांनी भुकेनं उठणार. दिवसाचे 14 ते 17 तास ते झोपेल, पण तुकड्यातुकड्यानं, आणि त्याला दिवसरात्र कळायला तीन महिने लागतात. कुठलाही झुला याला बदलू शकत नाही. संध्याकाळी सात ते दहा बाळ कुणाच्या खांद्यावर असेल, हे मात्र ठरवता येतं. त्यासाठी दुपटी धुणारी बाई लाव, नवऱ्याला सहाव्या आठवड्यातच रजा काढायला सांग. बहुतेक वडील पहिल्या आठवड्यात रजा घेतात, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्यानं शर्ट काढून बाळाला उघड्या छातीशी, नुसत्या लंगोटात, धरावं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली काचपेट्या कमी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असंच आईच्या छातीला बांधलं, आणि आज जगभर ती पद्धत वापरतात. पुऱ्या दिवसांचं बाळही त्यानं शांत होतं. फक्त धरणारा जागा हवा.

कुशीत घेऊन झोपण्याबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, पण बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत पाळण्यात ठेवायचं नाही म्हणजे बाळ तुझ्या अंथरुणातच असणार. पहिले सहा महिने तरी एकाच खोलीत, पण त्याचं अंथरूण वेगळं, हे सगळ्यात चांगलं. म्हणून ती टणक छोटी गादी पहिल्या दिवसापासून तुझ्या शेजारी असू दे, बारशाला तीच पाळण्यात जाईल. रात्री पाजताना डोळा लागतो, प्रत्येकीचा लागतो. तशी भीती वाटली तर सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजू नकोस, तिथं डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. त्यापेक्षा बाळाजवळच्या उशा-पांघरुणं दूर करून अंथरुणावर पाज, आणि जाग येताच त्याला त्याच्या गादीवर ठेव. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, किंवा बाळ अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर शेजारी घेऊन झोपणं टाळच.

आईचं 'आधी काही आणू नका' मला मान्य आहे, थोड्या बदलानं. बाळाचे कपडे नंतर आणा, हरकत नाही. सुतार, गादीवाला आणि इन्व्हर्टरवाला मात्र मार्चमध्येच यायला हवेत.

आणि एवढं सगळं असून बाळ पाजायला घेतलं तरी ओढत नसेल, श्वास भरभर चालत असेल, रडण्याचा सूर नेहमीपेक्षा वेगळा, किरटा वाटत असेल, किंवा तीन महिन्यांच्या आत अंग 38 अंश सेल्सिअसला पोचलं असेल, तर त्याला शांत करत बसू नका. तडक दवाखाना, रात्र असली तरी.

नणंदेला फोन करून विचार, यादीतलं तिनं स्वतः किती दिवस वापरलं. सासूबाईंना विचार, तुझ्या नवऱ्याच्या वेळी संध्याकाळी बाळाला घ्यायला त्यांच्याकडे कोण होतं. दोघींचीही उत्तरं मला कळव, मला खरंच ऐकायची आहेत. आणि पाळण्याच्या कड्यांना खोबरेल घालायला सांग. जुन्या कड्या कुरकुरतात, आणि नुकतं झोपलेलं बाळ नेमकं त्यानंच उठतं.

तुझी मावशी